‘अनेकडोट’ नव्हे, ॲनिकडोट. आणि त्याहून बरा किस्सा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दादर-पार्ल्याच्या व्याख्यानांत, मुलाखतींत हल्ली ‘एक अनेकडोट सांगतो’ असे सर्रास कानी पडते. म्हणायचा असतो इंग्रजी ‘anecdote’, म्हणजे किस्सा. कुणी तर ‘अँटिडोट’ सांगतात! अँटिडोट म्हणजे विषावरचा उतारा. दोन्ही शब्द सारखे वाटतात, कारण दोन्हींत ग्रीकमधला ‘देणे’ हा धातू आहे, आपल्या ‘दा’चा भाऊबंद. अँटिडोटमध्ये ‘विरुद्ध दिलेले’, ॲनिकडोटमध्ये ‘बाहेर न दिलेले’, म्हणजे अप्रकाशित. सम्राट जस्टिनियनच्या दरबाराची गुपिते सांगणाऱ्या इतिहासकार प्रोकोपियसच्या सहाव्या शतकातल्या लिखाणाला पुढे हेच नाव पडले. नकाराचा ‘अन्’ आपल्या ‘अनेक’मध्येही आहे, पण साम्य तिथेच संपते, ‘अनेक’ डोळ्यांसमोर ठेवून हा शब्द वाचला की उच्चार हमखास बिघडतो.

खरा उच्चार ॲनिकडोट. ‘बॅट’मधल्यासारखा ‘ॲ’ तोंड उघडून, जोर देऊन म्हणावा. ‘नि’ ऱ्हस्व आणि हलका. ‘क’ आपण ‘एकदम’मध्ये म्हणतो तसा, पुढच्या अक्षराला चिकटलेला, त्यामुळे लिहिताना पाय मोडायची गरज नाही. विशेषणात मात्र जोर सरकतो: ॲनिकडोटल म्हणताना तो ‘डो’वर येतो. मराठीत जोर बदलून शब्द बदलत नाही, म्हणून हे आपल्या लक्षातच येत नाही.

छापताना ‘ॲ’ हे एकच अक्षर वापरावे. ‘अ’ टंकून वर वेगळा चंद्र दिला तर दिसते तेच, पण संगणकावर शोधताना अनेकदा तो शब्द सापडत नाही. राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेत ‘ॲ’ घेतला आहे.

मराठी बोलताना मात्र ‘किस्सा’ असताना हा खटाटोप कशाला? खऱ्या माणसाचा, एकाच प्रसंगाचा, थोडक्यात सांगितलेला तो किस्सा. त्याला ‘आख्यायिका’ म्हणणे चूक. ती परंपरेने चालत आलेली, खरेखोटे न ठरलेली गोष्ट. ‘चुटका’ निव्वळ हसवण्यासाठी. ‘आठवण’ जवळची, पण तिच्यात काही घडलेच पाहिजे असे नाही.

सर्वांत घातक गफलत आरोग्याच्या बातम्यांत होते. ‘ॲनिकडोटल एव्हिडन्स’चे भाषांतर ‘ऐकीव पुरावा’ असे छापले जाते. शेजाऱ्याला काढ्याने बरे वाटले, हे त्याने स्वतः अनुभवलेले असते, ऐकलेले नव्हे. उणीव वेगळीच आहे: काढा न घेताही तो बरा झाला असता का, हे त्यावरून कळत नाही. ‘सुट्या अनुभवांचा पुरावा’ असे लिहावे.

— एक मुद्रितशोधक, गिरगाव, मुंबई