व्हॉइड मेनवालीकडून गुरुजींना

गुरुजी,

हे नाव तुम्हाला आवडायचं नाही माहितीये, पण खरं नाव तुम्ही कधी सांगितलंच नाही आणि आयडीने हाक मारून आभार मानायचे म्हणजे कसंतरीच वाटतं, म्हणून फोरमवर सगळे म्हणायचे तेच म्हणते. मराठीत लिहितेय कारण एकदा माझ्या आडनावावरून ओळखून तुम्ही खाजगी मेसेज केला होता, "चौदाव्या ओळीत सेमीकोलन जास्तीचा आहे बघा". तेवढं एकच वाक्य मराठीत, त्याच्या भरवशावर हे एवढं मोठं पत्र.

मी कोण ते आठवायचं कारण नाही तुम्हाला. २००० साली कॉम्प.लँग.सी वर, म्हणजे यूजनेट या जुन्या चर्चेच्या जाळ्यावरच्या सी भाषेच्या न्यूजग्रुपवर, "अर्जंट हेल्प!!!" असा सब्जेक्ट टाकून आलेली ती मी. फाईल वाचून छापायचा साधा प्रोग्राम, शेवटची ओळ दोनदा छापून येत होती, आणि मी सरळ विचारलं होतं की कंपायलरमध्ये बग आहे का (आता आठवलं तरी कान गरम होतात). वर व्हॉइड मेन लिहिलेलं, सीच्या स्टँडर्डप्रमाणे, म्हणजे नियमांप्रमाणे, तिथे इंट मेन हवं. दुसऱ्या दिवशी बघते तर सहा उत्तरं, त्यातली चार नुसती व्हॉइड मेनवरच! एकाने लिहिलं होतं की असा प्रोग्राम चालवल्यावर तुझ्या नाकातून भुतं निघाली तरी स्टँडर्डची काही हरकत नाही. मला वाटलं शिव्या देतोय, हा यूजनेटवरचा १९९२ पासूनचा जुना जोक आहे हे कळायला वर्ष गेलं. पाचव्याने फक्त "एफएक्यू १२.२" एवढंच टाकलं. स्टीव्ह समिट सांभाळायचे ती एफएक्यू, म्हणजे नेहमीच्या प्रश्नोत्तरांची यादी, दर महिन्याला ग्रुपवर पडायची, आणि १२.२ मध्ये खरंच माझाच प्रश्न होता, जवळजवळ तोच कोड. पण एफएक्यू आधी वाचायची असते हे माहीत असतं तर मी विचारलंच कशाला असतं.

सहावं तुमचं. माझ्या मेसेजचे तुम्ही पाच तुकडे केले होते, प्रत्येक तुकड्यापुढे ते > चिन्ह आणि खाली तुमचं उत्तर, मी लिहिलेलं "प्लीज प्लीज" मात्र गुपचूप कापून टाकलेलं. लिहिलं होतं की फाईल संपली का हे एफ-ई-ओ-एफ हे फंक्शन आधी सांगत नाही, वाचायला जाऊन हाती काही लागलं नाही की मगच सांगतं, डब्यात हात घातल्याशिवाय डबा रिकामा आहे हे कसं कळणार. म्हणून आधी वाच, मग वाचलेलं खरंच मिळालं का ते बघ, मग छाप. तू उलट करतेयस, हात रिकामा आला तरी मागचाच घास परत वाढतेयस. व्हॉइड मेनबद्दल सगळ्यात शेवटी एक ओळ. खाली दोन डॅश, एक स्पेस, आणि चार ओळींची सही, पाचवी ओळ कधी नाही.

मग ऑफिस बदललं आणि तिथल्या फायरवॉलने वेबचा ८० नंबरचा पोर्ट सोडून सगळं बंद, न्यूजग्रुपचे मेसेज देणारा न्यूजसर्व्हर ११९ वर, म्हणजे संपलंच. घरच्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर होता पण तो चार-पाच दिवसांत मेसेज पुसून टाकायचा आणि एक दिवस न सांगता बंदच पडला. जुनी मंडळी सगळा दोष १९९३ च्या सप्टेंबरला द्यायची, एरवी दर सप्टेंबरला कॉलेजची नवी पोरं यायची आणि महिनाभरात शिस्त शिकायची, त्या वर्षापासून नव्यांची रीघ लागली ती थांबलीच नाही, तो सप्टेंबर अजून संपायचाय म्हणे. त्यात १९९४ मध्ये अमेरिकेच्या ग्रीन कार्डच्या कामासाठी गिऱ्हाईक शोधणाऱ्या वकिलांनी हजारो ग्रुपवर एकच जाहिरात टाकली आणि पुढे स्पॅम काढायला दारात माणूसच नव्हता, कारण दारच नव्हतं. मला विचाराल तर लोक गेले ते यापेक्षा आळसाने गेले. ब्राउझर उघडाच असतो, न्यूजरीडर बसवा, सर्व्हर टाका, ग्रुपची यादी उतरवा हे कोण करणार. मी तरी कुठे केलं.

तर मी वेबवरच्या फोरमवर आले आणि काही महिन्यांनी तुम्हीही आलात, कुरकुरत. तुमची पहिली पोस्टच तक्रारीची होती! की याला धागा म्हणता? धाग्याला फांद्या असतात, कोण कोणाला उत्तर देतंय ते दिसतं, ही तर नुसती रांग आहे. वाचलेलं काय नि न वाचलेलं काय कळत नाही, नको असलेली माणसं गाळायची किलफाईल नाही, दर साईटला नवा पासवर्ड, आणि अख्खीच्या अख्खी पोस्ट कोट करून खाली "सेम हिअर" लिहायचं म्हणजे काय. सगळं बरोबर होतं तुमचं. तेव्हा आम्ही हसलो, तुमच्या पोस्टखाली नाचणारी केळी टाकली.

आणि इंडेंटेशन! न्यूजग्रुपवर साधा टेक्स्ट, टाकलं तसं दिसायचं, आणि इथे कोडच्या आगेमागे कोड टॅगची खूण नाही लावली की सगळ्या स्पेस गायब, कोड डावीकडच्या भिंतीला चिकटलेला. माझ्या एका पोस्टमध्ये आठ बाइट मेमरी मागणारा मॅलॉक होता, आठचा आकडा आणि त्याला लागून बंद कंस, त्याचा फोरमने गॉगलवाला हसरा चेहरा करून टाकला. मी तीन वेळा कोड परत पेस्ट केला, तीनही वेळा गॉगल. मग कंटाळून झोपले, सकाळी बघते तर सगळं सरळ, गॉगल गेलेला, स्पेस जागच्या जागी आणि खाली तुमचं उत्तर. मला वाटलं फोरमनेच काहीतरी दुरुस्त केलं असेल.

हे पत्र खरं तर त्यामुळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगल ग्रुप्सने यूजनेटचे नवे मेसेज घेणं बंद केलं तेव्हा मी जुनं काय काय उरलंय ते शोधत बसले. माझं "अर्जंट हेल्प" सापडलं, अर्थातच, असलं कधी हरवत नाही. मग आपलं फोरम आठवलं, ते आता नुसतं वाचायला उघडं आहे, २००८ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रश्नोत्तरांची साईट आल्यावर हळूहळू रिकामंच झालं ते. तिथे माझी गॉगलवाली पोस्ट उघडली तर तळाशी एकदम बारीक करड्या अक्षरात, शेवटचा बदल, तुमचा आयडी, पहाटे दोन वाजून काही मिनिटं, कारण : कोड टॅग. इतक्या वर्षांत ती ओळ मी वाचलीच नव्हती. मग पुढची पोस्ट उघडली, तीच ओळ. दुसऱ्यांच्या उघडल्या. नव्या पोरांच्या पोस्टी, ज्यांनी पुढे कधी थँक्स पण लिहिलं नाही, त्यांच्या खालीही. कारण : कोड टॅग. कारण : कोड टॅग. एका ठिकाणी नुसतं "कारण : गॉगल". मी रात्री साडेबारापर्यंत मोजत बसले, दोनशेच्या पुढे सोडून दिलं.

म्हणजे ज्या जागेला तुम्ही रांग म्हणालात तिथेच बसून तुम्ही एकेकाचा कोड सरळ करत होतात, आणि मग वर उत्तरही देत होतात, तेही कोट हाताने कापून, पाच तुकडे करून, जुन्या पद्धतीने. आणि एफ-ई-ओ-एफचा प्रश्न! तो फोरमवर मी मोजला, एकोणीस वेळा आलाय. तुमची एकोणीस उत्तरं आहेत. एकातही "आधी शोधून बघा" नाही. डबा मात्र दर वेळी आहे, एकदा डब्याऐवजी खिसा केलाय, बहुतेक तुम्हालाच कंटाळा आला असेल.

२०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले न्यूजग्रुप बंद करायला घेतले, ड्यूक विद्यापीठात १९७९ मध्ये यूजनेटची कल्पना निघाली त्यांनीही त्याच वर्षी आपला सर्व्हर बंद केला, तेव्हा तुम्ही फोरमवर एक अक्षर लिहिलं नाहीत. त्या दिवशीची तुमची एकच नोंद सापडली. काय होती ते सांगायला नकोच.

थँक यू गुरुजी. गॉगलसाठी, डब्यासाठी, आणि ते "प्लीज प्लीज" कापल्यासाठी. सध्या ऑफिसात नव्या पोरांचा कोड मी तपासते, परवा एकाने तोच लूप लिहून आणला, शेवटची ओळ दोनदा. मी त्याला डबा सांगितला. तुमचं नाव सांगता आलं नाही.

-- 
व्हॉइड मेनवाली
(आता इंट लिहिते)