ऑथरवेअर, डायरेक्टर, फ्लॅशचं जुनं साहित्य रद्दीत घालू नका, मंडळाकडे द्या!

सभासद आणि हितचिंतकहो, सप्रेम नमस्कार.

संगणकावर संवादी पाठ कसे बनवायचे हे शिकवणारा आपल्या मंडळाचा संग्रह आपण जाणताच. ऑथरवेअर, डायरेक्टर, टूलबुक, फ्लॅश या असे पाठ बनवायच्या जुन्या सॉफ्टवेअरांची मॅन्युअलं, सरावाच्या सीडी, नमुना पाठ आणि मराठी टिपणं, यातलं जवळजवळ सगळं तुम्हीच दिलेलं आहे.

आपल्या ज्येष्ठ सभासद बाईंनी निवृत्तीनंतर ऑथरवेअरचा अख्खा संच दिला, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. इंटरॅक्शन आयकॉनच्या (मुलाचा प्रतिसाद घेऊन पुढची वाट ठरवणाऱ्या चिन्हाच्या) प्रकरणात अकराही प्रतिसाद-प्रकारांपुढे त्यांनी पेन्सिलीने वर्गातली उदाहरणं लिहून ठेवली आहेत. त्यातलंच एक: १/२ + १/३ या बेरजेचं उत्तर मुलाने २/५ दिलं, तर त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला हे उघड आहे. म्हणून त्या एका उत्तरासाठी फ्लोलाइनवर, म्हणजे पाठाचा क्रम दाखवणाऱ्या रेषेवर, वेगळा फाटा काढायचा, तिथे समच्छेदाचं चित्र दाखवायचं आणि मुलाला पुन्हा प्रश्नाकडे आणायचं. नुसतं ‘चूक’ म्हणून पुढे ढकलायचं नाही. आज एचफाइव्हपी किंवा स्टोरीलाइन या पाठ बनवायच्या नव्या साधनांवर काम करणारी तरुण मंडळी हेच पान पुन्हा पुन्हा मागतात, कारण ‘पुढे’चं बटण बसवायला कुणीही शिकवतं, चुकीच्या उत्तराचं काय करायचं हे फार थोडे शिकवतात. डायरेक्टरच्या लिंगो या प्रोग्रॅमिंग भाषेवरची टिपणं हाताने उतरवून देणारे आपले सहकारी आणि दर शनिवारी येऊन सीडींच्या प्रती करणारे विद्यार्थी, यांचेही मंडळ कायमचे ऋणी आहे.

आता घाई का, तेही सांगतो. अडोबी कंपनीने ऑथरवेअरचा विकास २००७ मध्ये थांबवला, २०१९ मध्ये डायरेक्टरचे पाठ ब्राउझरमध्ये चालवणारा शॉकवेव्ह प्लेअर बंद केला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला. घरी राइट केलेल्या सीडींवर भिस्त ठेवता येत नाही. त्यांचा रंगाचा थर वर्षांगणिक उतरतो आणि एके दिवशी ड्राइव्ह ती ओळखतच नाही.

मागच्या आवाहनाला मोजकीच उत्तरं आली, याचं वाईट वाटलं. त्याहून जास्त लागलं ते नंतर कळलेलं, की काहींनी मधल्या काळात पेटीच्या पेट्या मॅन्युअलं रद्दीवाल्याला दिली. एक निरोप आला असता, तर आम्ही स्वतः येऊन नेली असती.

काय हवं: छापील मॅन्युअलं, सरावाच्या सीडी, स्वतः बनवलेल्या पाठांच्या मूळ फायली (ऑथरवेअरची ए७पी, फ्लॅशची एफएलए, डायरेक्टरची डीआयआर; पॅकेज केलेली, म्हणजे नुसती चालवण्यापुरती बनवलेली, ए७आर उघडून शिकता येत नाही, म्हणून मूळच द्या), पाठ कुणाचा आणि वापरायला परवानगी आहे का याची चिठ्ठी. शिवाय चालू स्थितीतला सीडी ड्राइव्ह, साठवणीसाठी हार्ड डिस्क किंवा त्यासाठी यथाशक्ती देणगी (पावती मिळेल), आणि टिपणं मराठीत आणायला आठवड्याचे दोन तास. सॉफ्टवेअरच्या बेकायदा प्रती कृपया नकोत. साहित्य वार्षिक सभेपूर्वी कार्यालयात किंवा कोणत्याही कार्यकारिणी सदस्याकडे द्यावं. जड असेल तर कळवा, माणूस पाठवू.

आपला,
कार्यवाह