मडगावच्या आंटींना: धा धिं ना, धा तिं ना

प्रिय आंटी,

देव बरें करूं. आमच्याकडे आभाराला 'धन्यवाद' हा कडक इस्त्रीतला शब्द आहे. मला नाचायला शिकवल्याबद्दल तुम्हाला लिहिताना तो काही हाताला येईना, म्हणून तुमचाच शब्द घेतला.

हे पत्र तुम्हाला स्वतःला वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुमची शाळा झाली ती पोर्तुगीजमध्ये, १९६१च्या आधी. कोंकणी तुम्ही वाचता ती रोमी लिपीत. तेव्हा कोपऱ्यावरच्या पोसरकाराला, म्हणजे छोट्या दुकानदाराला, बोलवा. तो रोज सकाळी मराठी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतो. मध्येमध्ये हसेल, हसू द्या. अनावृत पत्र लिहितोय, कारण लग्नात पर्सा सांभाळत उभे राहणारे पुरुष आमच्याकडे पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्यांना काही तुमचा पत्ता देता येत नाही.

पर्सांचं तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आमच्या वरातीत बँड सुरू झाला की बायका पर्सा, पोरं मोबाईल आणि मेहुणे चष्मे माझ्याकडे द्यायचे. कोणी दातात रुमाल धरून नागीण व्हायचा, कोणी भर रस्त्यात गुडघ्यावर बसायचा, आणि मी तीन पर्सा खांद्याला अडकवून कडेला. काम आवडायचं असं नाही, पण हात भरलेले असले की कोणी आत ओढत नाही. एका चुलतभावाच्या वरातीत कोणी काही दिलंच नाही, तेव्हा मी आपणहून 'पर्स देताय का' असं विचारत फिरलो होतो.

याचं मूळ सहावीत. पंधरा ऑगस्टसाठी लेझीम बसवत होते. चार आवाज, आठ आवाज, खाली वाकून, वर उठून. माझा उजवा पाय पुढं जायच्या वेळी डावा जायचा. सरांनी शिट्टी वाजवली, सगळी रांग थांबवली, मला एकट्याला करून दाखवायला लावलं आणि मग लेझीम काढून घेऊन पाण्याच्या बादलीपाशी उभं केलं. साठ-सत्तर पोरं हसली. सर वाईट नव्हते, घाईत होते. पण त्यानंतर पस्तीस वर्षं मी त्या बादलीपाशीच उभा होतो म्हणा ना.

गंमत म्हणजे ताल मला कळायचा. मी मिरजेचा. आमच्याकडे दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत संगीतसभा होते. लहानपणी वडिलांच्या मांडीवर झोपत-जागत ती ऐकली आहे. तबलाही चार वर्षं शिकलो. कान शहाणे होते, बोटं बरी होती. कमरेखालचा भाग तेवढा दुसऱ्या कोणाचा असावा.

२०१६ साली बँकेनं मडगावला बदली केली आणि आम्ही तुमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आलो. पहिल्याच मे महिन्यात शाखेतल्या सहकाऱ्याच्या बहिणीचं लग्न. मला वाटलं, जेवून येऊ. तर तिथं हॉलच्या मधोमध गुळगुळीत मोकळी फरशी आणि तिच्याभोवती खुर्च्या, म्हणजे कुस्तीचं मैदानच. केक कापला, टोस्ट झाला, नवरा-नवरीचा पहिला वॉल्ट्झ, म्हणजे तीनच्या ठेक्यावरचा जोडीनाच, झाला आणि माईकवाल्यानं सगळ्या जोडप्यांना हाक दिली. बघतो तर सगळे उठले. आमचा हेड कॅशियर उठला. त्याचे सत्तरीतले वडील उठले, आईला हात देऊन. आदल्या दिवशी ज्या बाईकडून आम्ही बांगडे घेतले होते ती मासेवाली उंच टाचांचे बूट घालून अशी तरंगत गेली की मी ओळखलंच नाही. वरातीत निदान गर्दीत दडता येतं. इथं प्रत्येक जोडी सुटी दिसते. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, गुडघा दुखतोय.

तीन वर्षांत माझा गुडघा अकरा लग्नांत दुखला.

२०१९च्या जूनमध्ये बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, बसून तुम्ही फणसाचे गरे काढत होता. मी बस गाठायला धावत गेलो, बस चुकली, तसाच धावत परत आलो. तुम्ही विळीवरून मान वर न करता म्हणालात, "पुता, तुझा गुडघा बशीमागं धावताना दुखत नाही, बँड वाजला की दुखतो. डॉक्टराक दाखय." आणि संध्याकाळी साडेसातला सालात यायला सांगितलंत.

हे वाचणाऱ्यांसाठी सांगतो: साल म्हणजे वर्षही नव्हे आणि केळ्याचीही नव्हे. साष्टीतल्या, म्हणजे मडगावच्या तालुक्यातल्या, जुन्या ख्रिस्ती घरांत पुढचा जो मोठा दिवाणखाना असतो, तो साल. चांदोरच्या मिनेझिस ब्रागांझांच्या वाड्यात झुंबरांखालचा नाचाचा दिवाणखाना मी पाहिला आहे, तो राजेशाही. तुमचा साल त्याच्या पाव आकाराचाही नाही. तांबडी कोब्याची जमीन, भिंतीला वेताच्या खुर्च्या, कोपऱ्यात आल्तार, म्हणजे घरचा देव्हारा, आणि तुमच्या तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला असलेल्या, नवऱ्यानं बोटीवरून आणलेला रेकॉर्ड प्लेअर, ज्याची सुई दर पावसाळ्यात रुसते.

पहिली अट तुम्ही घातलीत ती अशी की बायको महिनाभर सालात यायची नाही. "बायलेवांगडा शिकल्यार झगडें जातलें." किती खरं! तिला दाराच्या फटीतून बघून दोन संध्याकाळींत आलं. समोर असती तर मी तिसऱ्या दिवशी गुडघा पुन्हा काढला असता. दुसरी अट, रबरी तळाचे बूट बंद. रबर जमिनीला धरून ठेवतो, पाय सरकत नाही, आणि वॉल्ट्झ म्हणजे सरकणं. चामडी तळाचे बूट घेईपर्यंत मी पायमोज्यांवर नाचलो. पहिल्या दिवशी तुमच्या अंगठ्यावर तीनदा पाय दिला. दुसऱ्या दिवशी तुम्ही जाड कॅनव्हासचे बूट घालून आलात, त्याबद्दल एक शब्दही न बोलता.

डावा पुढं, उजवा बाजूला, डावा जवळ. उजवा मागं, डावा बाजूला, उजवा जवळ. जमिनीवर एक चौकोन होतो आणि आपण जिथून निघालो तिथं परत येतो. सांगायला एवढंच. मी आठ दिवस तो चौकोन पाठ करत होतो, कवायतीसारखा, आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या पावलाला अडकत होतो. सहावीतली शिट्टी ऐकू यायची, खोटं नाही सांगत. नवव्या दिवशी तुम्ही "एक, दोन, तीन, एक, दोन, तीन" मोजत होता. कोंकणीत आणि मराठीत हे आकडे एकच, तेव्हा मला भाषांतराचीही सबब नव्हती. मोजता मोजता मध्येच माझ्या तोंडून निघालं, "धा धिं ना, धा तिं ना."

आणि पाय गेला.

दादरा हो, तबल्यावरचा ताल. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन विभाग, पहिलीवर सम, म्हणजे जोराची मात्रा, चौथीवर काल, म्हणजे रिकामी. डावा पाय पुढं पडतो तिथं सम, उजवा मागं जातो तिथं काल. चौकोन पुरा झाला की आवर्तन पुरं. लहानपणी हजारो वेळा बोटांनी वाजवलेली गोष्ट मी पस्तीस वर्षांनी पायांना सांगत होतो. तुम्ही थांबलात, काय म्हणालास ते पुन्हा म्हण म्हणालात, खुर्चीच्या पाठीवर बोटांनी वाजवून पाहिलंत आणि म्हणालात, हा तर आमच्या मांडोसारखा. मांडो म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतलं संथ नाचगाणं, तेही सहाचंच. त्या रात्री तुम्ही आईच्या वेळचा एक मांडो गायलात, मी रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर घुमटाची, म्हणजे मांडोबरोबर वाजणाऱ्या मातीच्या वाद्याची, नक्कल केली, आणि शिकवणी तिथंच राहिली.

पुढचं मात्र इतकं सोपं नव्हतं. पावलं आली, लाज कुठं गेली होती? पोस्टमन आला की मी थांबायचो. खिडकीबाहेर सायकल वाजली की थांबायचो. मग जुलैत वीज जायला लागली. तुमच्याकडे पाऊस असा की वीज दिवसातून दोनदा जाते. आल्तारापुढच्या मेणबत्तीच्या उजेडात आपण नाचायचो, प्लेअर बंद, नुसती तोंडानं मोजणी. एकदा वीज परत आली आणि माझं पाऊल लगेच चुकलं. तुम्ही हात सोडून बघत राहिलात. "काळखांत येता, उजवाडांत येना. तर पाय तुजे बरे आसात."

म्हणजे दुखणं पायात नाही, हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. मी म्हणालो, आंटी, लोक बघतात. वाटलं होतं, सगळे म्हणतात तसं तुम्हीही म्हणाल, कोणी बघत नाही रे. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, बघतात तर. मी तर लग्नात त्यासाठीच जाते. कोण कसा नाचतो हे मी घरी येऊन सगळं आठवते. पण तुझ्या हातात एक बाई आहे आणि ती उलटी चाललीय. तिच्या पाठीमागं खुर्ची आहे, पोर आहे, दुसरी जोडी आहे. तिला डोळे पुढं आहेत, मागं नाहीत. तिचे मागचे डोळे तू. आणि तू आपले पाय बघत बसलास तर तिला कोण बघणार?

त्यानंतर तुम्ही सालात मुद्दाम खुर्च्या आडव्या टाकायला लागलात, कुत्र्यालाही आत सोडलंत. मी दादरा मोजत तुम्हाला खुर्च्यांतून न्यायचं, कुठंही धक्का लागू न देता. सगळा नाच घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरायचा. आम्हाला देवळात उजवीकडून प्रदक्षिणेची सवय, तेव्हा पहिले काही दिवस मी दर फेरीला दाराच्या चौकटीवर आदळायचो.

जानेवारी २०२०. त्याच हेड कॅशियरच्या मुलीचं लग्न. माईकवाल्यानं हाक दिली, बायकोनं माझ्याकडे पाहिलंच नाही, सवयच गेली होती. मी हात पुढं केला. मधोमध जाऊन उभे राहिलो आणि माझ्या डोक्यातून सगळं साफ गेलं. डावा की उजवा, तेही आठवेना. बँड दोन आवर्तनं पुढं गेला. शाखेतले पाच-सहा जण बघत होते. तेवढ्यात कडेच्या खुर्चीवर तुम्ही दिसलात. हातातला पंखा मिटवून गुडघ्यावर आपटत होता आणि ओठ हलत होते: धा धिं ना, धा तिं ना. साष्टीतली पंचाहत्तरीची ख्रिस्ती म्हातारी, मिरजेचा बोल म्हणतेय.

समेवर डावा पाय टाकला.

छान नाचलो असं नाही. पण दुसऱ्या फेरीत एक पोरगं गुडघ्यांवर घसरत, जसं तुमच्याकडच्या प्रत्येक लग्नात एक तरी घसरतंच, थेट बायकोच्या पाठीमागं आलं. मी तिला पाव वळणात बाजूला घेतलं, पोरगं निघून गेलं, तिला कळलंही नाही. नंतर लक्षात आलं की तेवढा वेळ मला कोण बघतंय याचा विचारच आला नव्हता. घरी जाताना बायको रिक्षात काही बोलली नाही, पण तिनं माझा हात गावापर्यंत सोडला नाही. हे पोसरकारानं मोठ्यानं वाचलं नाही तरी चालेल.

पुढं मार्चपासून लग्नंच बंद झाली. ते दिवस आपण तिघांनी सालात काढले, त्यावर वेगळं काय लिहू? जाइव्ह हा जलद उड्यांचा नाच मला तेव्हाही आला नाही आणि आता येणारही नाही. तो विषय आपण मिटवला आहे.

२०२२मध्ये परत सांगलीला आलो. हल्ली आमच्याकडेही लग्नाच्या आदल्या दिवशी 'संगीत' असतं, नाच बसवायला पैसे देऊन माणूस बोलावतात. परवा भाचीच्या संगीतात तो माणूस सगळ्या काका-मामांना रांगेत उभं करून हात वर, हात खाली करत होता. माझा मोठा मेहुणा, वय अठ्ठावन्न, रांगेतून निसटून भिंतीला लागला. बघतो तर खांद्याला दोन पर्सा. म्हणाला, कंबर धरलीय. मी त्याला हॉलच्या मागच्या भांड्यांच्या खोलीत नेलं, बूट काढायला लावले आणि दिवा घालवला. एवढ्यात काही सांगत नाही. त्यानं माझ्या अंगठ्यावर चारदा पाय दिला, म्हणजे तुमच्यापेक्षा मला एकदा जास्तच बसला.

नाताळ झाल्यावर त्या आठवड्यात आम्ही दोघं येतोय. लग्नं असतीलच, कुठलं धरायचं ते तुम्ही ठरवा. माझे चामडी तळाचे काळे बूट तुमच्या सालाच्या दारामागं राहिले आहेत. पावसाळ्यात त्यांना बुरशी आली असेल तर पोसरकाराच्या पोराला दोन दिवस उन्हात टाकायला सांगा, आणि कोणाला देऊन टाकू नका.

तुमचा,
मागच्या खोल्यांतला मिरजकर