संघ फक्त मेस्सीचा नव्हे

२०२२ च्या विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्यानिमित्त आपल्या अंकात आलेले अर्जेंटिनाविषयीचे पान वाचले. मेस्सीवर अख्खे पान आणि बाकीच्या दहा जणांची जेमतेम नावे, हे खटकले. मेस्सी थोर आहेच. पण हा संघ अंतिम फेरीत एकट्याच्या जोरावर आलेला नाही. ३० नोव्हेंबरला पोलंडविरुद्ध मेस्सीची पेनल्टी अडवली गेली होती. त्या दिवशी हरले असते तर स्पर्धेतून बाहेर पडण्याचीच भीती होती. तो सामना मॅक ॲलिस्टर आणि अल्वारेझ यांच्या गोलांवर २-० असा जिंकला. नेदरलँड्सविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये पहिले दोन्ही फटके गोलरक्षक मार्टिनेझने अडवले. सौदी अरेबियाकडून १-२ असा धक्का बसल्यावर प्रशिक्षक स्कालोनी यांनी संघात केलेले बदल तर सविस्तर लिहावेत असे आहेत. त्यावर एक ओळही नसावी?

आमच्या नागपुरात, विशेषतः कामठीत, फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. तिथल्या मैदानावर बचावफळीत खेळणारी पोरे आपले पान मन लावून वाचतात. त्यांच्या जागेवर खेळणाऱ्यांबद्दलही त्यांना वाचायला मिळावे. रविवारच्या अंतिम सामन्याचा वृत्तान्त देताना तरी मधल्या फळीला आणि बचावाला जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, नागपूर