‘मला माहीत नाही’ म्हणणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावात झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची पहिली रात्र तुम्हाला आठवत असेल. शाळेच्या पटांगणात तुमच्या एका विद्यार्थ्याने हवामान बदलावर भाषण केलं. चांगलं बोलला पोरगा. तो खाली बसला तशा आमच्या आत्याबाई उठल्या. “जग तापतंय ते समजलं रे बाळा. पण माझ्या अंजिरावर औंदा एवढा तांबेरा का पडला, ते सांग.” पोरगा गप्प झाला. मग तुम्ही पुढे आलात. “आजी, मी इतिहास शिकवते. मला हे माहीत नाही. पण ज्यांना माहीत आहे, त्यांना परवा तुमच्या बागेत घेऊन येते.”

खरं सांगते, माझा विश्वास बसला नव्हता. याआधी एक संस्था येऊन गेली होती. रोपं लावली, फोटो काढले, गेली. उन्हाळ्यात पाणी घालायला कुणी फिरकलं नाही. माळावर ते खड्डे अजून तसेच आहेत.

तुम्ही मात्र त्या रात्री शाळेच्या पायरीवर बसून फोनामागून फोन केलेत. तिसऱ्या दिवशी सकाळी कृषी महाविद्यालयाचे सर दिवेघाट चढून आत्याबाईंच्या बागेत हजर! त्यांनी एक पान उलटं केलं, खालची तांबूस भुकटी बोटावर घेतली आणि सगळ्यांना दाखवली. ही बुरशी. ढगाळ, दमट हवा टिकली की पसरते. गळलेली पानं आपण झाडाखालीच राहू देतो, तिथून ती पुन्हा वर चढते. पानं वेचून बागेबाहेर काढा, फांद्या विरळ करा, झाडात हवा खेळू द्या. आत्याबाईंनी ते पान चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं. दुपारी सुना-नातवंडांना घेऊन त्या पानं वेचत होत्या.

त्याच सरांकडून कळलं, की जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठीतून निघतो. हवामान खात्याचं शेतीचं काम पाहणारं ऑफिस तर आपल्या पुण्यातच, शिवाजीनगरला आहे. इतक्या जवळ असून आम्ही आभाळाकडे बघून फवारणी करत होतो. संध्याकाळी औषध मारायचं आणि रात्री अवकाळीनं धुऊन न्यायचं, असे किती पैसे वाहून गेले असतील! आता सल्ला आला की मी तो बचत गटाच्या ग्रुपवर टाकते. फवारणीआधी बायका फोन करून विचारतात, “ताई, उद्या पावसाचं काय म्हणतायत?”

पाण्याचं गणित मात्र मी जन्मात विसरणार नाही. तुमच्या भूगोलाच्या सहकारी आल्या आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं: एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. म्हणजे एक टँकर. एवढं म्हटल्यावर बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली, कारण टँकर म्हणजे काय हे आम्हाला सांगावं लागत नाही. हंडे घेऊन रांगेत आम्हीच उभ्या असतो. मग त्यांनी आमचा 40 हेक्टरांचा माळ धरला. एका रात्रीत 38 मिलिमीटर पडला तर? 1,520 टँकर. पुण्यात छत्र्या उघडतात तेव्हा आमच्याकडे नुसता वारा सुटतो. आणि पडतो तेव्हा एका रात्रीत धो धो पडून माती घेऊन ओढ्याला जातो. आपण गरीब पावसाचे, एवढंच आजवर धरून बसलो होतो. माळावरून इतकं पाणी निघून जातं, हे कुणी कधी मोजलंच नव्हतं.

त्या गणिताच्या दुसऱ्या दिवशी सलग समतल चर, म्हणजे उतारावरचं पाणी अडवायला एकाच पातळीत आडवे जाणारे लांब चर, खोदायला पोरांबरोबर निम्मं गाव माळावर होतं. पातळी बघायला तीन काठ्यांची ती चौकट, मधे सुतळीला बांधलेला दगड. सुतळी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. आमच्या सासऱ्यांनी ती एकदा हातात घेतली ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही. पुढे ते, मागे चुन्याची फक्की टाकत तुमच्या दोन मुली.

तुम्ही बसवलेल्या पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी साडेआठला होते. सातवीतल्या मुलींनी पाळ्या लावून घेतल्यात. सुट्टीतही चुकवत नाहीत.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं गावोगाव होतात. पोरं मनापासून राबतात. पण गावाच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नसेल तर ते विद्यापीठाच्या कोणत्या दारामागे आहे हे शोधून ते दार वाजवायचं, हे तुम्ही केलंत. त्यासाठी तुमचे मनापासून आभार, मॅडम. फोन उचलून इथवर आलेल्या सगळ्यांचेही.

वरच्या टप्प्यातले चर पहिल्याच पावसात गाळाने भरलेत, ते उपसायला हवेत. पुढच्या शिबिराची तारीख लवकर कळवा. टिकाव-घमेली गावाची आणि पोरांची सातही दिवसांची जेवणं आमच्या बचत गटाकडे.

आपली,
पुरंदर तालुक्यातली एक अंजीरवाली