मागं डिस्क लावायच्या आधी ड्रम उघडून तरी बघा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात कासवरनं येताना यवतेश्वरच्या घाटात आमच्या गाडीचं ब्रेक पेडल निम्म्याच्या खाली गेलं, गाडीत आई होती, तिला काय कळू दिलं नाही, सेकंडला घेऊन गाडी कशीबशी कडेला लावली आणि अर्धा तास गार होऊ दिली. चूक माझीच, चौथ्या गिअरमधे ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो.

दुसऱ्या दिवशी पोरगा एका मॉडिफिकेशनवाल्या गॅरेजमधे घेऊन गेला. तिथल्या माणसानं गाडी जॅकवर पण न घेता निदान केलं, म्हणे मागच्या चाकांचे ड्रम (बंद डब्यासारखे ब्रेक) काढून डिस्कचं (उघड्या चकतीला दोन्हीकडनं चिमटणाऱ्या ब्रेकचं) किट टाका, 38 हजार. मी विचारलं हँडब्रेकचं काय, तो तर मागच्या ड्रमवरच चालतो, तर म्हणाला काका गाडी गिअरमधे टाकून उभी करायची आणि चाकाला दगड लावायचा. आमचं घर समर्थ मंदिराच्या उतारावर आहे हो! दगड लावून झोपायचं म्हणजे रात्रभर कान गाडीकडंच.

मग आमच्या जुन्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी आधी ड्रम काढले. एका चाकाचा व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबानं ब्रेक ढकलणारा भाग) गळत होता, लायनर (ड्रमला आतनं घासणारं अस्तर) तेलानं भिजलेले, दुसऱ्या बाजूचा अ‍ॅडजस्टर (लायनर झिजेल तसं अंतर जुळवणारा) गंजून जाम, आणि ब्रेक ऑइल पाच वर्षं बदललेलंच नाही. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, पाणी मुरलं की त्याचा उकळायचा बिंदू खाली येतो, घाटात तापून वाफ झाली की पेडल स्पंजासारखं होतं. म्हणजे मागचा ब्रेक नावालाच होता, सगळा भार पुढच्यावर, आणि आम्ही दोष देत होतो ड्रमला.

डिस्क वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ड्रम तापला की फुगून शूपासून (लायनर बसवलेल्या पट्टीपासून) लांब जातो, पाणी शिरलं तर वाळायला वेळ लागतो, डिस्क दोन्हीत सरस. पण कंपनीनं मागं डिस्क दिलेल्या गाडीचा सगळा हिशोबच पहिल्यापासून तसा केलेला असतो. ड्रममधला पुढचा शू चाक फिरताना स्वतःच आवळला जातो, डिस्कला ती मदत नाही, तिला प्रेशर जास्त लागतं, कॅलिपरला (चकती चिमटणाऱ्या भागाला) ऑइलही जास्त लागतं, मग मास्टर सिलिंडर (पेडलनं ऑइल ढकलणारा मुख्य पंप) पुरतो का, मागंपुढं प्रेशर वाटणारा व्हॉल्व्ह जुळतो का, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ते कशावर बेतलंय, हे कोण बघणार? जोरात ब्रेक मारला की वजन पुढं जातं, साधारण 70 टक्के काम पुढची चाकंच करतात, अशा वेळी मागची चाकं आधी लॉक झाली तर घाटाच्या वळणावर गाडी शेपूट फिरवते. आणि ड्रम म्हणजे जुनाट माल असं पोरं म्हणतात, तर फोक्सवॅगननं आयडी 4 या इलेक्ट्रिक गाडीला मुद्दाम मागं ड्रमच दिलेत.

कायद्याचं पण ऐका. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 182अ आलंय, परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. किट विकणारा हे सांगत नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, तोवर तिचे ब्रेक सरकारी माणूस एकदाही उघडून बघत नाही. नंबरप्लेट आणि काळ्या काचा बघायला नाक्यानाक्यावर माणसं उभी. आपल्या एमएच 11 च्या आरटीओनं पावसाळ्याच्या तोंडावर दोन दिवस ब्रेक तपासणीचा कॅम्प लावावा, कास आणि ठोसेघरला जाणारी सगळी गर्दी इथनंच जाते. आणि यवतेश्वर, पसरणी दोन्ही घाटांच्या माथ्यावर ठळक बोर्ड हवा, ज्या गिअरमधे चढलात त्याच गिअरमधे उतरा. आपल्या पेपरनं हे लावून धरावं.

आमचं काम पाच हजाराच्या आत झालं, सिलिंडर, लायनर, नवीन ऑइल, ब्रेकच्या पाइपातली एअर काढणं सगळं धरून. हँडब्रेक आधी नवव्या खटक्याला पण धरत नव्हता, आता चौथ्यालाच धरतोय.

आपला नियमित वाचक,
समर्थ मंदिर परिसर, सातारा