जगलेल्या माशांचे काय?

पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच दिसला की बातमी होते, पाण्याचे नमुने घेतले जातात. पण जे मासे जगतात, त्यांचे काय? कॅनडातील ओंटारिओत २००१ ते २००३ या काळात संशोधकांनी एका तळ्यात गर्भनिरोधक गोळ्यांतले कृत्रिम संप्रेरक सोडले, लिटरमागे जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम. नरांच्या शरीरात अंड्यांना लागणारे प्रथिन तयार होऊ लागले. पिल्लेच होईनात, आणि तिथले फॅटहेड मिनो हे छोटे मासे जवळपास संपले. अशी द्रव्ये सांडपाण्यातून नदीत येतात. नेहमीच्या शुद्धीकरणात ती पूर्ण निघत नाहीत. यंदा पावसाळ्यात चढणीच्या माशांची अंडी धड आहेत का, हेही यंत्रणांनी तपासावे आणि निष्कर्ष जाहीर करावेत.

– एक नदीकाठचा वाचक, कोल्हापूर